पहिली अळी

सदतीस सेकंद. परत सदतीस.

मंगळवारची ही चौथी अळी आणि चौथ्यांदा तेच. मी चिमटा बशीशेजारी आपटला, तेव्हा शेजारच्या टेबलावरून नुकताच पीएच.डी. होऊन आलेला नवा डॉक्टर म्हणाला, "ताई, चिमट्याचा काय दोष?" त्याला आम्ही सगळे शंकासुर म्हणतो, अर्थात त्याच्या पाठीमागे. हे त्याला माहीत आहे. नाव कोणी ठेवलं असेल याबद्दलही त्याला शंका आहे. मीच ठेवलं.

"दोष माझ्या नशिबाचा," मी म्हटलं आणि पाचवी अळी काढायला उठले.

माझं काम सांगायला सोपं आणि करायला जिवावर येणारं आहे. फळमाशीची अळी घ्यायची, तांदळाच्या दाण्याएवढी. मिठाचं पाणी भरलेल्या बशीत टाचण्यांनी ताणायची, उभी चिरायची, आतडं काढून टाकायचं. मग खाली स्नायू दिसतात आणि स्नायूंना चिकटलेली चेतातंतूंची टोकं दिसतात, मण्यांच्या माळेसारखी. प्रत्येक मण्यात शेकडो इवल्या पिशव्या असतात. पुस्तकात त्यांना पुटिका म्हणतात, आम्ही पिशव्याच म्हणतो. पिशवीत निरोपाचं रसायन भरलेलं. वरून इशारा आला की पिशवी मण्याच्या भिंतीला जाऊन चिकटते, उघडते, रसायन बाहेर सांडतं आणि स्नायू हलतो.

इथवर शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. पुढचं कोणी विचारत नाही. रिकाम्या झालेल्या पिशवीचं कातडं जातं कुठे? ते भिंतीतच मिसळून जातं. असंच चालू राहिलं तर भिंत वाढत जाईल, आतल्या पिशव्या संपतील आणि थोड्या वेळात आपल्याला बोटही हलवता येणार नाही. म्हणून पेशी ते कातडं परत आत ओढून घेते, चिमटीत धरून तोडते, त्याची नवी पिशवी करते, ती भरते आणि पुन्हा रांगेत उभी करते. प्लॅस्टिकची प्रत्येक पिशवी धुऊन दोरीवर वाळत घालणाऱ्या माझ्या सासूबाईंना हा कारभार फार पसंत पडला असता.

प्रश्न एवढाच की कातडं परत यायला वेळ किती लागतो. आमच्या सरांचं उत्तर होतं, बारा सेकंद. या बारावर त्यांचं नाव झालं, या बारावर त्यांनी देशोदेशी भाषणं दिली. आणि सरांचे बारा म्हणजे माझेच बारा, कारण गेली एकोणीस वर्षं चिरणारा हात माझा.

मोजायची रीत अशी. तंतूला विजेचा हलका झटका द्यायचा, म्हणजे पिशव्या रिकाम्या होतात. मग ठरावीक सेकंद थांबायचं आणि बशीत चमकणारा रंग सोडायचा. कातडं अजून आत ओढलं जात असेल तर रंगही त्याच्याबरोबर आत अडकतो आणि मणी चमकतात. काम उरकलं असेल तर रंग धुऊन निघून जातो, मणी काळे राहतात. थांबायचा वेळ थोडा थोडा वाढवत न्यायचा आणि मणी कधी काळे राहतात ते बघायचं. जुन्या खोलीत बाराव्या सेकंदाला मणी काळे व्हायचे, ठरल्यासारखे. दोन महिन्यांपूर्वी आम्हाला नवी खोली मिळाली, नवंकोरं सूक्ष्मदर्शक मिळालं, आणि बाराचेच बारा वाजले. आता तिसाव्या सेकंदालाही मणी लखलखत होते, जसे काही मला हिणवायलाच.

मी काय काय करून पाहिलं नाही! मीठ नवं आणलं. पाणी बदललं. रंगाची नवी बाटली फोडली. माश्यांचं खाद्य स्वतः शिजवलं. आमच्याकडे एक नियम आहे, दिवसाची पहिली अळी मोजायची नाही; तो नियमही मी ताणून पाहिला, पहिल्या दोन सोडल्या, एक दिवस तर तीन सोडल्या. काही फरक नाही.

तो नियम माझाच आहे. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं होतं की सकाळची पहिली अळी हटकून बिघडते, फार मंद निघते. माझा हात बसलेला नसणार, दुसरं काय? म्हणून तिचा आकडा वहीत लिहायचा, त्यावर रेघ मारायची आणि शेजारी लिहायचं, 'हात बसला नव्हता'. चौदा विद्यार्थी माझ्या हाताखालून गेले, चौदाही जणांना मी हे शिकवलं. शंकासुराने अर्थातच विचारलं होतं, "पण का?" मी म्हटलं होतं, "का म्हणजे? तुमची स्कूटर तरी थंडीत पहिल्या किकला सुरू होते का?"

सरांचा मोठा लेख एका नियतकालिकाकडे गेला होता. तिथल्या परीक्षकांनी एकच मागणी केली होती, हेच मोजमाप नव्या सूक्ष्मदर्शकावर करून दाखवा. उत्तर द्यायची मुदत शुक्रवार.

त्या मंगळवारी संध्याकाळी मी बश्यांचा ट्रे घेऊन सरांच्या खोलीवरून जात होते. दार अर्धं उघडं होतं. आत शंकासुर बोलत होता.

"सर, मला एवढंच म्हणायचंय, एकोणीस वर्षं आकडा बाराच कसा येतो? परीक्षेत मार्क वाढवून द्यावेत तसं नाही ना झालं? मुद्दाम म्हणत नाही मी. पण काय यायला हवंय ते ठाऊक असलं की डोळा तसंच बघतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ट्रे तसाच हातात धरून मी आत शिरले. "डॉक्टर, माझ्या तोंडावर बोला की. मी आकडे बनवते असं म्हणायचंय ना तुम्हाला?"

"तसं नाही, ताई..."

"तसंच आहे. सर, ते नवं यंत्रच बिघडलेलं आहे. मी दोन महिने सांगतेय."

सरांनी चष्मा काढून पुसला. एकोणीस वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवलेला नाही, त्या दिवशीही चढवला नाही. ते म्हणाले, "कंपनीचा माणूस दोनदा तपासून गेला, ताई. यंत्र ठीक आहे. उगाच नाचता येईना अंगण वाकडं असं नको व्हायला. शुक्रवारपर्यंत बारा आले तर प्रश्नच नाही. नाही आले, तर मला लिहावं लागेल की मोजणीत सहायकाकडून चूक होत होती. आणि मग तुम्हाला चिरण्याच्या टेबलावर ठेवणं मला अवघड जाईल. खाद्याच्या खोलीत जागा आहे."

खाद्याच्या खोलीत माश्यांसाठी पिठाची पातळ खळ शिजवतात आणि हजारो काचेच्या नळ्यांत ओततात. काम वाईट नाही. पण खोटारडी ठरून तिथे जायचं? लेख सरांचा, भाषणं सरांची आणि खापर मात्र माझ्या डोक्यावर. मी ट्रे त्यांच्या टेबलावर ठेवला, तिथे त्याचं काही काम नव्हतं, आणि घरी निघून आले.

आमचे हे फ्रिज दुरुस्त करतात. घरी आले की हात साबणाने तीनदा धुतात आणि मग दिवसभराची गिऱ्हाइकं ऐकवतात. त्या दिवशी मी भांडी आपटत होते, तेव्हा त्यांनी आधी माझंच ऐकून घेतलं. सगळं ऐकून म्हणाले, "तापमान किती ठेवता?"

"खोलीचं."

"म्हणजे किती?"

"अहो, खोलीचं म्हणजे खोलीचं! वहीत रकानाच आहे तसा. एकोणीस वर्षं तेच लिहिते मी."

"अगं, चिडतेस काय? आज एका बाईंकडे गेलो. घर बदललं आणि फ्रिज थंड करेना म्हणून ओरडत होत्या. कॉम्प्रेसर बघितला, गॅस बघितला, सगळं उत्तम. मग दिसलं, नव्या घरात फ्रिज शेगडीला चिकटून उभा केलाय. यंत्र तेच, बाई त्याच, नुसती जागा बदलली. जागा बदलली की मी आधी हेच बघतो." त्यांनी पिशवीतून आपला थर्मामीटर काढला, लांब तारेच्या टोकाला सुई असलेला, आणि माझ्यापुढे ठेवला. "घेऊन जा. बघ तुझ्या अळीला ताप आहे का."

मला विनोद ऐकायची मुळीच इच्छा नव्हती. बुधवारी मी तो थर्मामीटर नेला आणि नव्या खोलीत बशीत बुडवला. एकवीस. खोलीतही एकवीस. सगळं अगदी नियमाप्रमाणे आणि मणी सदतीस सेकंद चमकत होते. मी संध्याकाळी घरी येऊन यांना म्हटलं, "तुमच्या फ्रिजवाल्या बाईंना नमस्कार सांगा," आणि जेवलेही नाही.

गुरुवारी मात्र एक गोष्ट डोक्यात आली. ती आधी का आली नाही, देव जाणे. जुनं सूक्ष्मदर्शक अजून विकलेलं नव्हतं. ते तळमजल्यावर अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे, चादरीखाली पडून होतं. नवं यंत्र बिघडलेलं आहे हे सिद्ध करायचं तर जुन्यावर बारा काढून दाखवले की झालं. मी शिपायाला घेऊन खाली गेले, आम्ही खुर्च्या हलवल्या, टेबल ओढलं. सूक्ष्मदर्शकाची जुनी दिव्याची पेटी, लोखंडी आणि दणकट, यंत्राशेजारी ठेवली. बटण दाबलं आणि ती पूर्वीसारखी गुरगुरायला लागली. त्या आवाजाने मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. टेबल लहान, सामान फार, म्हणून मिठाच्या पाण्याची बाटली मी नेहमीच्या जागी ठेवली, पेटीच्या डोक्यावर. तिथून वीतभर नळी थेट बशीत.

पहिली अळी, छत्तीस सेकंद. पहिलीच ती, तिचं काय घेऊन बसायचं? मी सवयीने आकड्यावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'हात बसला नव्हता'.

दुसरी, तेरा.

तिसरी, बारा.

मी एकटीच त्या अडगळीत मोठ्याने हसले. चौथी घेतली, पुन्हा बारा. म्हटलं, आता शंकासुराला हाताला धरून खाली आणते आणि या खुर्चीत बसवते. पाचव्या अळीसाठी नळी काढायला म्हणून मी बाटलीला हात घातला.

बाटली कोमट होती.

मी हात काढून घेतला. परत लावला. लहान मुलाला आंघोळीला पाणी काढतो, तशी कोमट. एकोणीस वर्षं ती बाटली मी दिवसातून वीस वेळा उचलली होती आणि ती कोमटच असायची, म्हणून ती कोमट आहे हे मला कधी जाणवलंच नव्हतं. मी यांचा थर्मामीटर काढला आणि सुई बशीत बुडवली. एकतीस. खोलीत एकवीस आणि बशीत एकतीस. नव्या खोलीतला दिवा अजिबात तापत नाही आणि तिथे बाटलीला चकचकीत वेगळा स्टँड आहे.

मी खाली बसले. मोडक्या खुर्चीवरच बसले, ती डगडगत होती.

सकाळी दिवा लावला की पेटी तापायला तास तरी लागतो. म्हणजे दिवसाच्या पहिल्या अळीला नेहमी गार पाणी मिळायचं, खरंखुरं खोलीचं. बाकीच्यांना कढत नाही, पण उबदार. उबेत पेशी कातडं भराभर ओढते, गारव्यात सावकाश. एवढं साधं. जुन्या वह्याही तिथेच खोक्यांत होत्या. मी एक काढली, दुसरी काढली. सदतीस, रेघ, हात बसला नव्हता. अडतीस, रेघ, हात बसला नव्हता. छत्तीस. सदतीस. पानापानावर माझंच अक्षर, माझीच रेघ, आणि वरच्या रकान्यात माझ्याच हाताने लिहिलेलं 'तापमान: खोलीचं'. एकोणीस वर्षांत खोलीचं तापमान फक्त पहिल्या अळीने पाहिलं होतं आणि तेवढीच मी खोडत होते.

मला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. शंकासुर म्हणत होता तसे मी आकडे बनवले नव्हते, हे आता सिद्ध होत होतं. पण कशाच्या जोरावर? सरांचे बारा बुडवून. लेखात स्पष्ट लिहिलेलं आहे, 'खोलीच्या तापमानाला बारा सेकंद'. ते खोटं होतं आणि ते खोटं मी लिहून दिलं होतं.

एक सोपी वाट होती, ती मला दिसत नव्हती असं मी म्हणणार नाही. जुनं यंत्र वर न्यायचं, बारा दाखवायचे, नवं बिघडलंय म्हणायचं. मी सुटले, सर सुटले, लेख सुटला. पेटीवरच्या बाटलीला कोण हात लावून बघणार आहे?

तेवढ्यात दारात पावलं वाजली. सर होते आणि त्यांच्या मागे शंकासुर. शिपायाने वर जाऊन सांगितलं असणार. सरांनी उघड्या वहीतले आजचे आकडे बघितले आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला पाहवेना.

"आले की बारा! मी म्हणतच होतो. ताई, मला माफ करा, त्या दिवशी मी जास्तच बोललो. नवं यंत्रच फालतू आहे. डॉक्टर, तुम्हीही ताईंची माफी मागा."

शंकासुर गोरामोरा झाला. "सॉरी, ताई," तो म्हणाला, आणि खरोखर मनापासून म्हणाला.

दोन दिवस मी या शब्दांची वाट बघत होते. आता ते मिळाले, तर नकोसे वाटले.

"सर," मी म्हटलं, "त्या बाटलीला हात लावून बघा."

"कशाला?"

"लावा तर खरं."

त्यांनी लावला. आधी त्यांना काही कळलं नाही. मग त्यांनी पेटीकडे बघितलं, बशीतल्या सुईकडे, तारेच्या दुसऱ्या टोकावरच्या एकतीस या आकड्याकडे बघितलं. हात त्यांनी बाटलीवरून काढला नाही. मी जुन्या वह्या त्यांच्यापुढे उघडून ठेवल्या. ते एकेक पान उलटत राहिले, रेघेखालचे आकडे वाचत राहिले. शंकासुर त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होता आणि जन्मात पहिल्यांदा त्याने काही विचारलं नाही.

"एक साधा थर्मामीटर ठेवता आला नाही तुम्हाला?" सर शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज चढला, पहिल्यांदाच.

"आला असता," मी म्हटलं. माझाही चढला. "आणि तुम्हाला एकोणीस वर्षांत एकदा विचारता आलं असतं, खोलीचं म्हणजे किती. घरी आमच्या यांनी पहिल्याच मिनिटाला विचारलं आणि ते फ्रिज दुरुस्त करतात."

सरांनी हातातली वही मिटली. वर कुठेतरी नळ वाहत होता, तो कोणीतरी बंद केला.

"परीक्षकांना पत्र पाठवावं लागेल," ते म्हणाले. "लेख मागे घ्यावा लागेल. चूक कोणाची लिहू?"

"माझी लिहा," मी म्हटलं. "आणि त्याखाली सही तुमची करा."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून हलवली की थकून, ते मला कळलं नाही. वह्या काखेत मारून ते वर गेले.

शुक्रवारी सकाळी मी नव्या खोलीत माझ्या टेबलावर बसले. खाद्याच्या खोलीत जा असं मला अजून कोणी सांगितलं नव्हतं आणि टेबलावरच राहा असंही सांगितलं नव्हतं. बाटली स्टँडवर होती. सरांचं पत्र शंकासुराने पाहिलं होतं. त्यात म्हणे 'आमची चूक' असं लिहिलं होतं. मी विचारायला गेले नाही. यांचा थर्मामीटर बशीत लावला, एकवीस. अळी ताणली, चिरली, झटका दिला. हात अगदी स्थिर होता. शंकासुर शेजारी वही घेऊन बसला होता.

"सदतीस," मी म्हटलं.

त्याने लिहिलं. मग मी त्याला शिकवलं होतं तसं त्याने पट्टी घेतली आणि आकड्यावर टेकवली. "ही पहिली. खोडायची ना, ताई?"

"नाही," मी म्हटलं आणि पट्टी त्याच्या हातातून काढून घेतली. "हिच्यापासून मोजायचं."